वादळांचा हंगाम : अंदाज किती, तयारी किती?

दरवर्षी मे महिना लागला की कोकण किनाऱ्यावर एक वेगळीच लगबग सुरू होते. होड्या वाळूवर ओढल्या जातात, छपराची कौले चाळली जातात, सरपण आणि सुकी मासळी घरात भरली जाते. यंदा पाऊस जास्त की कमी, वेधशाळा काय म्हणते, याची वाट कोणी पाहत नाही. ७ जूनच्या आसपास पाऊस येणार, हे धरून सारे काम उरकले जाते.

नेमक्या याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही अशीच लगबग असते. अटलांटिक महासागर, कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात या भागात १ जून ते ३० नोव्हेंबर हा ‘हरिकेन’चा हंगाम मानला जातो. हरिकेन म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, आपल्याकडचे चक्रीवादळच. चीन-जपानच्या बाजूला त्याला टायफून म्हणतात, तिकडे हरिकेन म्हणतात, एवढाच फरक.

हा विषय आमच्या व्यापार-उदिमाच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्याला कारणे आहेत. रत्नागिरी-रायगडच्या किती तरी घरांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर नोकरी करतात आणि त्यांची जहाजे ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्ससारख्या बंदरांना लागतात. दुसरे असे की, तिकडच्या एका वादळाने तेलाचा बाजार हलतो. २०१७ साली ‘हार्वे’ वादळाने टेक्सासमध्ये पूर आणला, तेव्हा अमेरिकेच्या तेलशुद्धीकरण क्षमतेपैकी सुमारे पाव हिस्सा काही दिवस बंद पडला होता. आणि तिसरे, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, वादळाचा अंदाज आणि वादळाची तयारी यांचा व्यापारी हिशेब त्या किनाऱ्याने मोठी किंमत मोजून शिकला आहे. तो हिशेब आपल्या किनाऱ्यालाही उपयोगी आहे.

अंदाज बांधतात कसा?

संपूर्ण हंगामात किती वादळे होतील, हे हंगामापूर्वी सांगण्याचा उद्योग अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम ग्रे यांनी १९८४ साली सुरू केला. पॅसिफिक महासागरात ‘एल निनो’ असला, म्हणजे तिथले विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले, की हजारो किलोमीटर दूर अटलांटिकमध्ये वादळे कमी होतात, हे त्यांनी दाखवून दिले. कारण असे की, एल निनोच्या वर्षी अटलांटिकवर वरच्या थरातले वारे आणि खालच्या थरातले वारे यांच्या वेगात व दिशेत मोठा फरक पडतो. वादळ उभे राहू लागले की त्याचा माथाच उडवला जातो. याउलट ‘ला निना’च्या वर्षी हा अडथळा कमी होतो आणि वादळांना रान मोकळे मिळते.

दुसरी गोष्ट समुद्राच्या पाण्याची. पाणी २६-२७ अंश सेल्सियसच्या वर गेले की वादळाला लागणारी वाफ आणि उष्णता मिळते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून कॅरिबियन बेटांपर्यंतचा पट्टा मे महिन्यात किती तापला आहे, सहाराची धूळ किती उडते आहे, आफ्रिकेत पाऊस कसा आहे, हे सारे पाहून अंदाज बांधला जातो. ग्रे यांचे २०१६ साली निधन झाले. त्यांच्या विद्यापीठाचा अंदाज आजही दर एप्रिलमध्ये निघतो. अमेरिकन सरकारचे हवामान खाते १९९८ पासून आपला वेगळा अंदाज देते.

आकडे वाचताना मोजमाप ठाऊक असावे. वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटर झाला की वादळाला नाव मिळते, ११९ झाला की ते हरिकेन होते आणि १७८ च्या पुढे गेला की ‘मोठे हरिकेन’. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी पाहिली तर दर हंगामात १४ नावाची वादळे, त्यांपैकी ७ हरिकेन आणि त्यांतली ३ मोठी, असा हिशेब आहे. यापेक्षा बरेच जास्त होतील असे दिसले की ‘हंगाम सक्रिय राहील’ असे जाहीर होते.

आकड्याचा धोका

इथवर सारे ठीक. पण व्यापाऱ्याने हा आकडा हातात घेऊन काय करायचे? मागच्या काही हंगामांची उजळणी केली की याचे उत्तर आपोआप मिळते.

१९९२ सालचा हंगाम अगदी थंड होता. ऑगस्टचा मध्य उलटेपर्यंत एकाही वादळाला नाव द्यावे लागले नव्हते. मग पहिले नाव दिले गेले ते ‘अँड्र्यू’. २४ ऑगस्टला ते दक्षिण फ्लोरिडावर आदळले आणि सुमारे २७ अब्ज डॉलरचे नुकसान करून गेले. दावे चुकते करता करता दहापेक्षा जास्त विमा कंपन्या बुडाल्या. ‘कमी वादळांचे वर्ष’ म्हणून ज्यांनी कमी भांडवलात विमे विकले, त्यांचे पुढे काय झाले हे यावरून समजावे.

आता उलट उदाहरण. २०१० साली १९ वादळांना नावे मिळाली, त्यांपैकी १२ हरिकेन झाली. हंगाम अतिसक्रिय होता. पण त्यांतले एकही हरिकेन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आले नाही. बहुतेक समुद्रातच वळून गेली.

२००५ सालचा मे महिन्यातला सरकारी अंदाज १२ ते १५ वादळांचा होता. झाली २८. त्यांतल्या ‘कॅटरिना’ने २९ ऑगस्टला न्यू ऑर्लिन्सचे बांध फोडले आणि सुमारे १२५ अब्ज डॉलरचे नुकसान केले. २०२० साली तर ३० वादळांची नोंद झाली. नावांची यादी संपली आणि ग्रीक अक्षरे वापरावी लागली.

२०२४ साली मे महिन्यात सरकारी खात्याने १७ ते २५ वादळांचा अंदाज दिला. मे महिन्यात एवढा मोठा आकडा त्याने त्याआधी कधीच दिला नव्हता. २ जुलैला ‘बेरिल’ने सर्वांत वरची, म्हणजे पाचवी, श्रेणी गाठली. हंगामात इतक्या लवकर असे पूर्वी झाले नव्हते. मग ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एकही नवे वादळ तयार झाले नाही. अंदाज फसला, अशी चर्चा सुरू झाली. आणि २६ सप्टेंबरच्या रात्री ‘हेलीन’ फ्लोरिडावर आदळले. पाठोपाठ ९ ऑक्टोबरला ‘मिल्टन’. अखेर हिशेब लागला तो १८ वादळे आणि ११ हरिकेन. अंदाज बरोबर निघाला होता, पण मधल्या तीन आठवड्यांत ज्यांनी फळ्या उतरवून ठेवल्या त्यांना त्याचा काय उपयोग?

२०२५ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवर एकही हरिकेन आले नाही. तिकडच्या विमा कंपन्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण त्याच हंगामात, २८ ऑक्टोबरला, ‘मेलिसा’ने जमैकाचे कंबरडे मोडले. एकच हंगाम, एकाला नफ्याचा, दुसऱ्याला बुडीताचा.

मग हा आकडा कोणाच्या कामाचा?

आमचे म्हणणे असे नाही की अंदाज निरुपयोगी आहे. तो ज्याच्या कामाचा आहे त्याच्या मोठ्याच कामाचा आहे. विमा कंपनीने लाखो घरांची जोखीम घेतलेली असते. तिच्या दृष्टीने १४ ऐवजी २० वादळे म्हणजे दाव्यांची शक्यता वाढली. ती आपली जोखीम पुढे पुनर्विमा कंपन्यांना विकते. फ्लोरिडातले असे बरेच करार नेमके १ जूनला नव्याने होतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांतल्या अंदाजाला बाजारात भाव असतो. तेल कंपन्या, जहाज कंपन्या, मदतखाती यांचेही तसेच. ज्याचा धंदा शंभर ठिकाणी पसरला आहे, त्याला सरासरी कामाला येते.

पण ज्याचे एकच दुकान, एकच गोदाम, एकच होडी आहे, त्याला सरासरी नसते. त्याच्यावर वादळ आले तर पूर्ण आले, नाही आले तर मुळीच नाही. समुद्रात वीस वादळे होऊन एकही त्याच्या गावी न आले तर त्याचे वर्ष सुखाचे. समुद्रात एकच होऊन ते त्याच्या दारी आले तर त्याचा हंगाम अतिसक्रिय! म्हणून छोट्या व्यापाऱ्याने वादळे किती होणार हे विचारण्यापेक्षा, तयारीची कोणती दारे कोणत्या तारखेला बंद होतात, हे विचारावे.

दारे केव्हा बंद होतात?

पहिले दार विम्याचे. अमेरिकेत घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही. त्यासाठी १९६८ पासून सरकारची वेगळी पूर विमा योजना आहे. पण आज पैसे भरले तर विमा सर्वसाधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळाचे नाव बातम्यांत ऐकून जो विमा काढायला धावतो, त्याच्या हाती कागद येईपर्यंत वादळ येऊन गेलेले असते. खासगी कंपन्याही वादळ जवळ येताच नवे विमे देणे थांबवतात. ‘हेलीन’च्या पुराने उत्तर कॅरोलायनातले डोंगराळ ॲशव्हिल शहर उद्ध्वस्त केले, ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. डोंगरात पुराचा विमा कशाला, म्हणून तिथे तो फारच थोड्यांनी घेतला होता.

दुसरी गोष्ट विमापत्रातल्या बारीक अक्षरांची. हरिकेनच्या नुकसानीत मालकाने स्वतः सोसायची रक्कम तिकडे टक्केवारीत लावतात. चार लाख डॉलरचे घर आणि पाच टक्के अट, म्हणजे पहिले वीस हजार डॉलर मालकाच्या खिशातून. छप्पर उडाल्यावर हे कळले तर काय उपयोग?

दुसरे दार बंदराचे. अमेरिकेचे तटरक्षक दल वादळी वारे पोचण्यापूर्वी ७२, ४८, २४ आणि १२ तास अशा चार पायऱ्यांत इशारे देते. शेवटच्या पायरीला बंदर बंद. ज्या जहाजाला बाहेर पडायचे आहे त्याने त्याआधी निघायचे, ज्या व्यापाऱ्याला माल उतरवायचा आहे त्याने त्याआधी उतरवायचा. धक्क्यावर राहिलेला माल कोणाच्या जोखमीवर, हे करारात आधी लिहिलेले असावे लागते.

तिसरे दार हातात उरलेल्या वेळेचे. मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळी वारे येण्यापूर्वी ४८ तास आधी सावधगिरीची सूचना आणि ३६ तास आधी पक्का इशारा देते. या कामात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खरोखर मोठी प्रगती झाली आहे. १९९० च्या सुमारास तीन दिवस आधी सांगितलेल्या जागेत सरासरी ५०० किलोमीटरच्या आसपास चूक असे. आता ती २०० किलोमीटरच्या आत आली आहे. पण वादळ किती जोर धरेल हे सांगणे अजून अवघड आहे. पॅसिफिकच्या बाजूला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ओटिस’ने साध्या वादळापासून पाचव्या श्रेणीपर्यंतची मजल एका दिवसात मारली आणि मेक्सिकोचे अकापुल्को शहर बेसावध पकडले. म्हणजे उरलेल्या ३६ तासांवर सगळा भार टाकणे शहाणपणाचे नाही.

माल कुठे आणि किती?

तयारीची दुसरी बाजू नफ्याची आहे. २००४ साली ‘चार्ली’ वादळ होऊन गेल्यावर वॉलमार्ट या मोठ्या दुकानसाखळीने आपली विक्रीची नोंद तपासली. लोक बॅटरी नेतात हे सर्वांना ठाऊक होते. पण न शिजवता खाता येणाऱ्या एका स्ट्रॉबेरीच्या बिस्किटाची विक्री वादळापूर्वी नेहमीच्या सातपट झाल्याचे दिसले. पुढचे ‘फ्रान्सिस’ येण्यापूर्वी त्यांनी तोच माल गाड्या भरभरून रवाना केला. यात जादू काहीच नाही. मागच्या वादळाच्या आठवड्याची खातेवही नीट वाचली, एवढेच. असे काम आमच्या गावचा किराणा दुकानदारही करू शकतो.

मात्र सगळा माल एका ठिकाणी ठेवणाऱ्याचे काय होते, हेही पाहा. अमेरिकेतल्या रुग्णालयांना लागणाऱ्या सलाईनपैकी सुमारे ६० टक्के माल बॅक्स्टर कंपनीच्या उत्तर कॅरोलायनातल्या एका कारखान्यात तयार होत असे. ‘हेलीन’च्या पुरात तो बंद पडला आणि देशभर रुग्णालयांना सलाईन जपून वापरावे लागले, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. २०१७ साली ‘मारिया’ वादळाने पोर्तो रिकोतले कारखाने बंद पाडले तेव्हाही हाच धडा मिळाला होता. दोन गोदामांचे भाडे महाग वाटते खरे. पण एकाच गोदामात पाणी शिरल्यावर ते स्वस्त वाटू लागते.

पैसा लवकर हाती येण्याचाही एक मार्ग कॅरिबियन देशांनी शोधला. २००७ साली त्यांनी मिळून आपत्ती विम्याचा एक सामायिक निधी उभारला. यात घराघरांचे पंचनामे होत नाहीत. वाऱ्याचा वेग वगैरे मोजमाप ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की सरकारच्या हाती साधारण दोन आठवड्यांत पैसे पडतात. ‘मेलिसा’नंतर जमैकाला या निधीतून सुरुवातीलाच सुमारे सात कोटी डॉलर मिळाले आणि वेगळ्या आपत्ती रोख्यांतून १५ कोटी डॉलर. नुकसान ८८० कोटी डॉलरच्या आसपास होते, म्हणजे भरपाई म्हणून ही रक्कम किरकोळच. पण पहिल्या महिन्यात हाती आलेला एक रुपया वर्षानंतरच्या दहा रुपयांच्या बरोबरीचा असतो, हे धंदेवाल्याला सांगायला नको.

आपल्या किनाऱ्याचे काय?

आता घरी येऊ. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. २०१९ या एका वर्षात त्यात पाच चक्रीवादळे झाली. ३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आले. १ जूनला समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले आणि तिसऱ्या दिवशी वादळ दारात! त्यातून टाळेबंदीचे दिवस. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. पण नारळाचे झाड लावून फळ हाती यायला पाच-सात वर्षे जातात. मदतीचा धनादेश त्या वर्षांची उणीव कशी भरून काढणार? पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातेत गेले.

आपल्याकडे वादळांचे दिवस दोन : पावसाळ्याआधी एप्रिल ते जून आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे तयारीच्या तारखाही दोन. आमच्या व्यापारी आणि बागायतदार बंधूंना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो :

१) मार्चअखेर हिशेब मिटवताना विमापत्र काढून वाचा. लहान धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही विमा योजना आहे. तीत आगीबरोबर वादळ आणि पूरही येतात. दुकानातला माल दहा लाखांचा आणि विमा पाच लाखांचा असेल, तर दावाही त्याच प्रमाणात कापला जातो, हे ध्यानात ठेवा.

२) आंबा-काजूच्या हवामानावर आधारित फळपीक विम्याला शेवटची तारीख असते. ती तालुका कृषी कार्यालयात आधीच विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

३) दुकान, माल, बाग, होडी यांचे फोटो वर्षातून दोनदा काढा. खरेदीची बिले, सातबारा, परवाने यांच्या प्रती दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे द्या. पंचनाम्याच्या वेळी होते काय आणि गेले काय, हे दाखवावे लागते.

४) वीज गेली की एटीएम, फोन आणि उधारीची ऑनलाइन वसुली तिन्ही बंद. पंधरा दिवस धंदा चालेल एवढी रोकड, डिझेल आणि हाताने लिहायची वही ठेवा.

५) माल जमिनीपासून वर, फळ्यांवर ठेवा. जमल्यास थोडा माल दुसऱ्या गावातल्या भागीदाराकडे ठेवा.

यांपैकी एकाही कामासाठी यंदा किती वादळे होणार हे कळण्याची गरज नाही. अंदाज आला तर तो जरूर वाचावा. हंगाम सक्रिय राहणार असे म्हटले असेल तर डिझेलचा एक कॅन जास्त भरावा. पण हंगाम थंड राहणार असे छापून आले, म्हणून विम्याचा हप्ता चुकवू नये. होडी ओढायला आपल्या आजोबांनी कधी अंदाजाची वाट पाहिली नाही. दुकानदारानेही आपल्या होडीची तारीख ठरवून घ्यावी, एवढीच आमची विनंती.